मुद्दल की हप्ता

१७ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. रक्कम २७,९८० रुपये. जागा शांती नगरमधलं आमचं घर. हजर चौघं: मी, माझा नवरा, आमची मुलगी, आणि हेल्मेट काखेत धरून दाराबाहेर उभा असलेला एक अनोळखी माणूस. त्याचं म्हणणं, हे पैसे आम्ही बँकेला देणं लागतो.

"आम्ही कुणाचं काही देणं लागत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलं आहे आणि दर वेळी ते खरं होतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिते. सोसायटीचा मेंटेनन्स मी एप्रिलमध्ये पूर्ण वर्षाचा एकदम भरते, विजेचं बिल आलं की त्याच दिवशी. सोसायटीची खजिनदारही मीच आहे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि फ्लॅट नंबर यांच्या पुढे 'कारण' असा रकाना मीच आखून घेतला. त्या संध्याकाळी त्या रकान्यात वॉचमनने आमच्या फ्लॅटसमोर हिंदीत लिहिलं होतं, 'बँक वसूली'. ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. खाली आणखी सात जणांनी सह्या केल्या होत्या, म्हणजे सात जणांनी वाचलं होतं.

"ताई, मी आत येत न्हाय," तो माणूस म्हणाला. वय माझ्याएवढंच असेल, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. "तुम्ही फक्त खात्याचे शेवटचे चार आकडे बघा. तुमचेच हायत का सांगा."

त्याने मोबाईल पुढे धरला. आकडे आमचेच होते. नाव मुलीचं, सहकर्जदार म्हणून माझं. थकलेले हप्ते चार, ऑगस्ट ते नोव्हेंबर. एकेक ६,६४१ रुपयांचा, म्हणजे २६,५६४. वर दर हप्त्याला ३५४ दंड, त्याचे १,४१६. बेरीज बरोबर होती. तीच मला सगळ्यात जास्त खटकली. लुबाडणाऱ्यांची बेरीज सहसा इतकी नेटकी नसते.

"फ्रॉड आहे ग हा," नवरा मागून म्हणाला. "तूच नोटीस लावलीस ना खाली, अनोळखी फोन घेऊ नका म्हणून."

लावली होती. सप्टेंबरपासून मला हिंदीतून फोन येत होते, "आपका लोन ओव्हरड्यू है." मी प्रत्येक नंबर बंद करून टाकत होते. एकूण अकरा नंबर. बँकेचे मेसेज मात्र मुलीच्या जुन्या सिमवर जात होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी दिलेला तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाचा झाला होता.

कर्ज चार लाखांचं. सरकारच्या व्याज अनुदानाच्या योजनेतलं. दर वर्षी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणून शाखेत द्यायचा, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष व्याज सरकार भरतं. पाचही दाखले मी स्वतः रांगेत उभी राहून आणले. जानेवारीपासून हप्ते सुरू झाले. जुलैपर्यंतचे सात माझ्या खात्यातून आपोआप गेले. मग माझी एक आरडी पिकली, आणि मी आमच्या घरच्या रीतीने वागले. २ ऑगस्टला शाखेत जाऊन पुढच्या बारा महिन्यांचे ७९,६९२ रुपये एकरकमी भरले आणि दरमहा पैसे कापून घेण्याची सूचना बंद करण्याचा अर्जही दिला. आता वर्षभर बघायला नको.

मी फाईल आणून त्याला खात्यावर उमटलेली रक्कम दाखवली. त्याने चष्मा लावला, बघितलं, मोबाईलवर काहीतरी खालीवर केलं.

"पैसे आलेत ताई. पन हप्त्यात न्हाय आले. मुद्दलात गेलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे कर्ज कमी झालं, हप्ता उभाच ऱ्हायला. मशीनला काय, पाच तारीख आली की हप्ता पायजे. न्हाय आला तर दिवस मोजायला लागते. तीस, साठ, नव्वद. आम्ही त्याला बकेट म्हनतो. नव्वदच्या वर गेलं की बँक खातं बुडीतात टाकते आनि माझ्या यादीत नाव येतं. तुमचं तीन तारखेला गेलं."

तो पालीचा, समुद्रकाठच्या गावातला. भावांच्या होड्या आहेत, हा मात्र बँकेने नेमलेल्या वसुली एजन्सीसाठी दुचाकीवरून फिरतो. सकाळी मोबाईलवर यादी येते, रोज चाळीस घरं. सातनंतर कुणाच्या दारात जायचं नाही, शेजाऱ्यांशी बोलायचं नाही, पैसे हातात घ्यायचे नाहीत. हे सगळं त्याने दारात उभ्या उभ्याच सांगितलं.

"मला रोख देऊ नका. कुनी मागितली तरी देऊ नका. शाखेत भरा, मला पावतीचा फोटो पाठवा. आनि भराल तर सगळी थकबाकी एकदम. एक रुपया कमी पडला तरी खातं वर येत न्हाय."

मग त्याने विचारलं, कधी भरणार? मी म्हणाले, आधी शाखेत जाऊन भांडणार. तो हसला. "तसा रकाना न्हाय माझ्याकडं. तारीख द्या." मी बुधवार सांगितला.

तो गेल्यावर मुलगी कपाटापाशी गेली आणि एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. ते मी आधीही वाचलं होतं, पण आनंदात वाचलं होतं. एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून तिची निवड झाली होती. इंजिनिअरिंगनंतरचं दीड वर्ष तिने त्या परीक्षेत घातलं होतं. रुजू व्हायची तारीख १ डिसेंबर. तिसऱ्या पानावर सातवी अट: उमेदवाराच्या नावावर कोणतंही कर्ज थकलेलं नसावं. थकल्याचं दिसत असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं ना-हरकत पत्र आणावं, नाहीतर रुजू करून घेतलं जाणार नाही.

"चौदा दिवस," ती म्हणाली.

"तेरा," मी म्हणाले. सवयीने.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिला घेऊन शाखेत गेले. कर्जविभागाचे साहेब एका काचेआड बसत होते. समोरच काउंटरवर २ ऑगस्टला माझे पैसे घेणारी मुलगी होती. कंत्राटावरची, गळ्यात दुसऱ्याच कंपनीचं ओळखपत्र. मला बघून तिने मान हलवली, "काय काकू."

साहेबांनी खातं उघडलं, रक्कम बघितली, जिभेने चक् असा आवाज केला.

"बारा हप्त्यांचा बरोबर गुणाकार आहे हा. आगाऊ हप्तेच भरायचे होते तुम्हाला, दिसतंय. काउंटरने मुद्दलात टाकले." ते काचेतून काउंटरकडे बघत म्हणाले, "ही बाहेरची माणसं. दर महिन्याला काहीतरी असतंच. तुम्ही एक अर्ज द्या मॅडम. काउंटरच्या चुकीमुळे रक्कम मुद्दलात जमा झाली, ती हप्त्यांत वळवावी. मी मागच्या तारखेने वळवून घेतो. मग थकबाकी झालीच नव्हती, दंड नाही, काही नाही. दोन दिवसांत सगळं साफ."

मुलीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कालपासून पहिल्यांदा ती श्वास घेतेय असं वाटलं.

"आणि तिचं काय होणार?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"काउंटरवरची."

"तिच्या कंपनीला कळवू. ते बघतील. दुसरी पाठवतील."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहायला लागले. तारीख, विषय, कर्जखात्याचा नंबर. रकमेची तारीख नक्की करावी म्हणून फाईलमधून भरणा स्लिपची स्थळप्रत काढली. अर्जात तारीख आठवणीने लिहायची नाही, कागदावरूनच लिहायची, ही माझी शिस्त. स्लिपवर खाली दोन चौकोन होते. एकापुढे 'आगाऊ हप्ते', दुसऱ्यापुढे 'मुद्दल कपात'. दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण होती. निळ्या शाईची, खालून वर झपकन ओढलेली. कारखान्याच्या चलनांवर मी रोज शंभर वेळा करते, तीच.

मग सगळं आठवलं. त्या मुलीने विचारलं होतं, "काकू, मुद्दलात की हप्त्यात?" मी उलट विचारलं होतं, "व्याज कशात वाचतं?" "मुद्दलात," ती म्हणाली. मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. ७९,६९२ वर दहा टक्क्यांनी महिन्याचे ६६४ रुपये. "मग मुद्दलात," मी म्हणाले, आणि खूण केली. ती पुढे म्हणालीसुद्धा होती की हप्ता मात्र चालू राहील हं. मी हो म्हटलं होतं, बहुतेक तेव्हा स्लिपवरची बेरीज तपासत. व्याजही वाचवायचं आणि वर्षभराचे हप्तेही भरून झाले असं धरायचं. एकच रुपया दोन कामांना लावला मी. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याची झाडाझडती घेतली असती.

मी मान वर केली तेव्हा मुलगीही त्याच चौकोनाकडे बघत होती. तिने सावकाश आपला तळहात त्या स्लिपवर ठेवला. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं.

अर्जात मी 'काउंटरच्या' इथपर्यंत आले होते. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाई पसरत होती. खरं सांगायचं तर मी मोजत होते. कंत्राटावरच्या मुलीचा पगार बारा-तेरा हजार असेल. माझ्या मुलीचा त्याच्या तिप्पट. ही नोकरी गेली तर तिला दुसरी मिळेल, असं दोघींबद्दल म्हणता येत होतं. आकड्यांनी काही ठरेना. तेवढ्यात काउंटरवरून ती एका आजोबांना मोठ्याने सांगत होती, "आजोबा, सही करायच्या आधी वाचा. नंतर मला बोलू नका."

मी मुलीचा हात उचलून बाजूला ठेवला आणि स्लिप साहेबांसमोर सरकवली.

"खूण माझी आहे," मी म्हणाले. "तिने विचारलं होतं."

साहेबांनी फोन खाली ठेवला. स्लिप बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे तुम्ही दाखवलं नसतं तर मी बघितलं नसतं."

"आता बघितलंत."

"आता बघितलं, म्हणजे मागच्या तारखेने काही होणार नाही." त्यांचा आवाज कोरडा झाला. "थकबाकी दंडासकट भरा. खातं नियमित झालं की पत्रासाठी विभागीय कार्यालयाला पाठवतो. आठ-दहा दिवस. तारखेची हमी देत नाही."

रिक्षाने आम्ही घरी निघालो. घराच्या वळणावर मुलगी म्हणाली, "दीड वर्ष, आई. आणि तू एक कागद काढलास."

"खोटं लिहून मिळालेली..."

"भाषण नको. तू तिला वाचवलंस ना? छान. मला कोण वाचवणार?"

नवऱ्याने काशीमीऱ्याच्या गोदामातून आल्यावर सगळं ऐकून घेतलं. बूट काढता काढता तो म्हणाला, "सव्वीस वर्षं फाईलमध्ये कागद जपलेस. एक हरवायचा होता तर आजच का नाही हरवला?" हे तो चेष्टेने बोलला की रागाने, ते मला अजून कळलेलं नाही. जेवताना तिघंही टीव्हीकडे बघत होतो आणि टीव्ही बंद होता.

पैशांची अडचण नव्हती, आणि तेच जास्त लागत होतं. ऑगस्टपासून हप्ता कापला जात नाही म्हणून मी दरमहा ६,५०० ची नवी आरडी उघडली होती. म्हणजे चार महिने बँकेचा हप्ता मी माझ्याच दुसऱ्या खात्यात जमवत होते. ती मोडली. २६,१८७ आले. वरचे १,७९३ घरखर्चाच्या डब्यातून. १९ तारखेला, बुधवारी, २७,९८० रुपये भरले. स्लिपवरचे दोन्ही चौकोन तीनदा वाचले. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. काचेआडचं बोलणं काचेबाहेर जातंच. शिक्का मारताना एवढंच म्हणाली, "पावती सांभाळा काकू." मग तिलाच काहीतरी वाटलं असावं, खाली बघून हसली.

फोटो पालीवाल्या भाऊंना पाठवला. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. आता बँकेचं पत्र लवकर मिळेल का, मी विचारलं.

"खातं वर आलं की नाव माझ्या यादीतून निघतं. उद्या निघंल. पत्र कशाला पायजे तुम्हाला?"

मी नोकरीचं सांगितलं. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"ताई, मग एक करा. पत्र हातात आलं की तिथंच वाचा. शाखेवाले घाईत लिहितात, 'रक्कम मिळाली'. तेवढ्यावर नोकरीवाले परत पाठवतात, माझ्या यादीतली दोन मानसं अशीच परत आलीत. त्यात 'खातं नियमित झालं' पायजे, त्याची तारीख पायजे, 'आज थकबाकी न्हाय' पायजे. तीन गोष्टी."

मी त्या तीन गोष्टी डायरीत लिहून घेतल्या. फोन ठेवताना मी पेट्रोलचे दोनशे पाठवते म्हणाले. "नको," ते म्हणाले. "तुमच्याकडून दोनशे घेतले की उद्या कुनी म्हनंल याने पाच हजार घेतले."

मग वाट बघणं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी रोज कारखान्यातून शाखेत जायची आणि काचेसमोरच्या खुर्चीवर बसायची. साहेब मान हलवायचे. २१, २४, २५. बुधवारी २६ ला कळलं की विभागीय कार्यालयातले सही करणारे रजेवर आहेत. त्या दिवशी घरी मुलीने रुजू होण्यासाठी घेतलेले दोन ड्रेस कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकलेले दिसले. मी ते खाली काढले नाहीत. काढायचा हक्क मला आहे असं वाटेना.

"त्या मुलीला तू ओळखतेस तरी का?" तिने त्या संध्याकाळी विचारलं. आवाज थकलेला होता, भांडायचा नव्हता.

"नाही."

"नावसुद्धा नाही?"

"ओळखपत्राची नावाची बाजू नेहमी आत असते."

ती हसली नाही. पण पोळी पूर्ण खाल्ली.

शुक्रवारी २८ ला पावणेपाचला पत्र आलं. साहेबांनी पाकीट दिलं, "घ्या, सुटलात." मी तिथेच उघडलं. पाच ओळी. 'कर्जदाराकडून रुपये २७,९८० प्राप्त झाले आहेत.' बस. मी डायरी काढली आणि तीन गोष्टी वाचून दाखवल्या.

"मॅडम, आता वेळ झाली."

"उद्या?"

"उद्या शनिवार."

"महिन्यातला पाचवा शनिवार आहे. बँक चालू आहे."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग पहिल्यांदाच थोडे हसले. "त्या स्लिपवरची खूण तुमचीच असणार, दुसऱ्या कुणाची! या उद्या अकराला."

शनिवारी पत्र दुपारी दोनला मिळालं. नियमित झाल्याची तारीख २० नोव्हेंबर. आज रोजी थकबाकी नाही. सही, शिक्का. मी ते दोनदा वाचलं. मुलीने माझ्या हातातून घेऊन तिसऱ्यांदा वाचलं.

१ डिसेंबरला ती सकाळी सातला निघाली. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. मी कामावर गेले, आणि त्या दिवशी एका चलनाची बेरीज दोनदा चुकले. ११ वाजून ४० मिनिटांनी फोन आला.

"आई, त्यांनी माझा कर्जाचा स्कोअर बघितला. अजून तिथे थकलेलंच दिसतंय. मग पत्र मागितलं."

"आणि?"

"तो माणूस बोट ठेवून ठेवून वाचत होता. 'नियमित' कुठे लिहिलंय, तारीख कुठे आहे. मग पत्र ठेवून घेतलं. रिपोर्ट सुधारल्यावर प्रत आणून द्यायची, असं लिहून घेतलं माझ्याकडून." मग थांबून म्हणाली, "सही करायच्या आधी वाचलं मी."

"रुजू झालीस?"

"झाले."

मी पालीवाल्या भाऊंना फोन लावला. ते कुणाच्या तरी दारात होते. हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं. आता ठेवतो, हितं तारीख घेतोय."

५ डिसेंबरला, शुक्रवारी, मी शाखेत गेले. पैसे आपोआप कापण्याची सूचना पुन्हा सुरू केली होती, पण ती जानेवारीपासून लागू होणार होती. डिसेंबरचा हप्ता हाताने भरायचा होता. काउंटरवर तीच मुलगी. तिने स्लिप माझ्यापुढे ठेवली, पेन उलटं करून टोकाने दोन्ही चौकोन दाखवले आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, मुद्दल की हप्ता?"

"हप्ता," मी म्हणाले.

"नक्की? व्याज मुद्दलात वाचतं हं."

"हप्ता, बाई."

खूण केली. तिने ती बघितली, शिक्का मारला. ५ डिसेंबर, ६,६४१ रुपये, बँकेच्या कर्जखात्यात, एका महिन्याचा हप्ता.